छोट्या क्लबमधली पहिली गिग : तिकिटापासून परतीच्या लोकलपर्यंत

मी डोंबिवलीची. रॉकची गोडी लागली ती मामेभावाच्या कॅसेटींमुळे, पण बँड समोर उभा राहून वाजवतो तेव्हा काय होतं ते कळलं लोअर परळच्या ब्लू फ्रॉगमध्ये. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली सुरू झालेला तो क्लब २०१६ मध्ये बंद झाला. त्या रात्री मी स्टेजपासून चार पावलांवर होते. ड्रमरचा उजवा पाय पेडलवर पडायचा आणि त्याच क्षणी माझ्या छातीत ठोका बसायचा. गिटारवाला सूर ओढताना बोटाच्या पेरावर किती जोर देतो ते दिसत होतं. गाण्याच्या बैठकीत पुढे बसलेल्याला तबलजीची शाई वाजताना जशी दिसते, तसंच हे. मैदानातल्या मोठ्या कॉन्सर्टला बँड पडद्यावर मोठा दिसतो, पण असा हाताच्या अंतरावर कधीच मिळत नाही.

माझ्या ओळखीत रॉक मनापासून ऐकणारी कितीतरी मराठी मुलंमुली आहेत, जी क्लबच्या दारापर्यंत कधी गेलेलीच नाहीत. तिथली माणसं वेगळी असतील, कपडे कसे घालायचे, एकटं गेलं तर चालेल का, रात्री परत कसं यायचं, असे प्रश्न पडतात आणि बेत राहून जातो. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मला मुंबईची माहिती जास्त, पुण्याची थोडी कमी. दीडशे ते तीनशे माणसं मावतील एवढा बंद हॉल, एका रात्री दोन-तीन बँड, असा कार्यक्रम, म्हणजेच गिग, डोळ्यांसमोर ठेवा.

१. गिग निवडा, आणि चार गाणी ऐकून जा

क्लबमध्ये ‘लाइव्ह बँड’ असं लिहिलेलं असलं तरी त्यात दोन जातकुळी आहेत. एक म्हणजे कव्हर किंवा ट्रिब्यूट नाइट : जुन्या प्रसिद्ध बँडची गाणी इथला बँड वाजवतो, माणसं जेवत-गप्पा मारत ऐकतात. दुसरी म्हणजे स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडची गिग. पहिल्या वेळेला दुसरीच निवडा, असं माझं ठाम मत आहे. कव्हर ऐकताना मन सारखं मूळ रेकॉर्डिंगशी तुलना करत राहतं. बँडच्या स्वतःच्या गाण्यात ती तुलना नसते, समोर जे घडतंय तेच खरं असतं.

आपल्याकडे हे सहज घडलेलं नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईत रॉक वाजवायचं म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची, अशीच बहुतेकांची समजूत होती. १९८४ साली सुरू झालेल्या रॉक मशीनने स्वतःची गाणी लोकांसमोर आणली. याच बँडने १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं. त्यांच्यानंतर आलेल्या पेंटाग्रामसारख्या बँडनी ती वाट रुंद केली. आज एखादा कॉलेजातला बँड सगळाच्या सगळा स्वतःचा सेट (एका वेळी सलग वाजवायची गाणी) घेऊन स्टेजवर चढतो, त्यामागे ही माणसं आहेत.

गिग कुठे कळतात? बँडच्या आणि क्लबच्या इन्स्टाग्राम पानांवर, तिकिटांच्या अ‍ॅपवर. पोस्टरवर सगळ्यात मोठं नाव असतं ते शेवटी वाजवणाऱ्या बँडचं, छोटी नावं आधी वाजवणाऱ्यांची. प्रत्येक बँडची तीन-चार गाणी घरी नीट ऐका. क्लबमध्ये शब्द अर्धेच कळतात. चाल ओळखीची असेल तर उरलेले शब्द कान आपोआप भरून काढतात. एकच ताकीद देते : पोस्टरवरची अक्षरं काटेरी फांद्यांसारखी असतील आणि नाव वाचताच येत नसेल, तर तो बहुधा एक्स्ट्रीम मेटल, म्हणजे रॉकमधल्या सगळ्यात आक्रमक प्रकाराचा, बँड आहे. तेही संगीत मला अतिशय प्रिय आहे, पण आधी घरी ऐकून ठरवा.

घरच्या भाषेतून सुरुवात करावीशी वाटली, तर मुंबईचा अभंग रीपोस्ट शोधा. संतांचे अभंग ही मंडळी गिटार, बेस आणि ड्रम्सच्या साथीने गातात. रॉक आपला नाही असं वाटणाऱ्या माझ्या मावशीला मी आधी यांचीच गाणी ऐकवली.

२. तिकीट

आधी काढलेलं तिकीट दारावरच्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. छोट्या गिगचं तिकीट साधारण नाटकाच्या तिकिटाच्या आसपास असतं. काही ठिकाणी तिकिटाऐवजी ‘कव्हर’ घेतात, म्हणजे भरलेल्या पैशांतले काही खाण्यापिण्यात वळते होतात. कुठे काय आहे ते नीट वाचून घ्या.

आणि बँडमध्ये कोणी ओळखीचं असेल तर पास मागू नका. नाटकाच्या पासांची आपल्याला सवय आहे, पण इथे हिशेब वेगळा असतो. कित्येक छोट्या गिगमध्ये बँडला मिळतो तो दारावरच्या विक्रीतला वाटा. तो चार-पाच जणांत वाटायचा, त्यातून टेम्पो किंवा टॅक्सीचं भाडं द्यायचं, रिहर्सलच्या खोलीचे तासांचे पैसे भागवायचे. तुमचं एक तिकीट तिथे खरोखर मोजलं जातं.

वयाचं बघा. दारू विकणाऱ्या बऱ्याच क्लबमध्ये २१ वर्षांखालच्यांना रात्री आत सोडत नाहीत. महाराष्ट्रात बियरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ ही वयोमर्यादा आहे. फोटो असलेलं मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा, झेरॉक्स चालेलच असं नाही. वय कमी असेल तर जाहिरातीत ‘ऑल एजेस’ लिहिलेली गिग शोधा. अशा गिग अनेकदा दुपारी किंवा संध्याकाळी लवकर होतात. दारू प्यायलीच पाहिजे असं कुठेही नाही. मी बहुतेक वेळा लिंबू सोड्यावर रात्र काढते आणि मला कोणी कधी विचारलेलं नाही.

३. परतीचा बेत आधी करा

हे सगळ्यात आधी ठरवायचं, निघताना नाही. बंद क्लबमधली गिग साडेअकरा-बारापर्यंत चालू शकते. लोअर परळ भागातल्या क्लबला पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड, दोन्ही चालत गाठता येतात. पण मध्य मार्गाच्या लांबच्या शेवटच्या गाड्या सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटतात, म्हणून त्या रात्रीचं वेळापत्रक अ‍ॅपवर बघूनच घराबाहेर पडा. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची गाडी धरायची असं ठरवा. रविवारी मेगाब्लॉक आहे का तेही पाहा. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, मी नेहमी त्याच डब्यात चढते. पुण्यात गिग रंगात येते तेव्हा मेट्रो बंद होत आलेली असते, म्हणून तिथे दुचाकी, किंवा तीन-चार जणांत कॅब. दुचाकी चालवणाऱ्याने प्यायची नाही, यात तडजोड नाही.

घरी खरं सांगून जा. क्लबचं नाव, कोणाबरोबर जाताय, किती वाजेपर्यंत याल. माझी आई सुरुवातीला जागी राहायची. मग मी गाडीत बसले की मेसेज करायला लागले आणि ती झोपायला लागली.

४. अंगावर काय, खिशात काय

काळा टी-शर्ट हा रिवाज आहे, सक्ती नाही. ऑफिसच्या शर्टात आलेली माणसं दर वेळी असतात. सुती कपडे घाला, कारण एसी कितीही असला तरी दोनशे माणसं नाचायला लागली की हॉल तापतो. पायात पूर्ण बंद बूट हवेत. चपलेवर काही क्लब आत सोडत नाहीत, आणि सोडलं तरी कोणाचा तरी जड बूट तुमच्या बोटांवर पडणार. मोठी सॅक नको, दारावर झडती होते आणि आत ती ठेवायला जागा नसते. बाहेरची पाण्याची बाटली काढून घेतात. आत बारवर पाणी मागा आणि अधूनमधून पीत राहा. जेवून जा. क्लबमधलं खाणं महाग असतं आणि तीन तास उभं राहायचं असतं. स्टेशनबाहेर पोटभर पुरीभाजी खाल्ली की माझं भागतं.

आणि खिशात इअरप्लग.

५. कानांबद्दल, जरा सविस्तर

यावर लोक हसतात, म्हणून मी इथे थांबणार आहे. काही वर्षांपूर्वी एका गिगला गर्दीत सरकत सरकत मी थेट स्पीकरसमोर जाऊन पोहोचले आणि पूर्ण सेट तिथेच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा रस्त्यावरचे हॉर्न कापसातून ऐकू यावेत तसे येत होते. कानात बारीक शिट्टी सुरू होती ती दोन दिवस थांबली नाही. तिसऱ्या दिवशी थांबली तेव्हा मी रडले. ज्या गोष्टीवर एवढं प्रेम आहे ती ऐकण्याची क्षमताच आपण घालवत होतो, हे तेव्हा नीट उमगलं.

आवाजाचं गणित असं आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा, असं कामाच्या जागांसाठीचं एक मान्य प्रमाण सांगतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. रॉक क्लबमध्ये १०० डेसिबल ही काही विशेष बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी जो निकष जाहीर केला, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कान झाकायची साधनं मिळावीत आणि शांत बसायला वेगळी जागा असावी, असं म्हटलं आहे.

औषधाच्या दुकानात फोमचे प्लग अगदी थोड्या पैशांत मिळतात. घालायची एक पद्धत आहे : प्लग दोन बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर ओढून धरायचा, सुरळी आत सरकवायची आणि फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून ठेवायची. अर्धवट घातलेला प्लग काही कामाचा नाही. ढोल-ताशा पथकातली मुलं कानात कापूस कोंबतात तेही मी पाहिलं आहे, पण कापसाने आवाज फारसा अडत नाही. फोमचा तोटा एवढाच की तो वरचे सूर जास्त खातो, मग झांजा आणि गाणाऱ्याचे शब्द दबतात. गिगला नेहमी जायचं ठरलं तर वादक वापरतात ते फिल्टरचे प्लग घ्या. त्यांतून सगळे सूर सारख्या प्रमाणात कमी होतात आणि गाणं गाण्यासारखंच ऐकू येतं. दोन बँडच्या मधल्या वेळात बाहेर जाऊन कानांना दहा मिनिटं शांतता द्या.

६. वेळेवर पोहोचा, पहिला बँड चुकवू नका

‘डोअर्स ८’ याचा अर्थ आठला दार उघडणार, पहिला बँड नऊच्या आसपास सुरू होणार. जाणकार म्हणवणारे दहाला येतात, कारण त्यांना शेवटचाच बँड ऐकायचा असतो. तुम्ही साडेआठलाच जा. पहिला बँड बऱ्याचदा नवखा असतो, समोर वीस-पंचवीस माणसं असतात आणि ती बारला टेकून उभी असतात. अशा वेळी स्टेजसमोर येऊन थांबलेली चार माणसं बँडला किती बळ देतात हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. माझे आजचे दोन सगळ्यात आवडते बँड मी असेच रिकाम्या हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकले.

जागा मोकळी किंवा छत उघडं असेल तर कार्यक्रम लवकर सुरू होतो, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सवलत मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांना. या नियमांशी मुंबईच्या रॉकचं जुनं नातं आहे. धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव वर्षानुवर्षं गाजला. पण रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर तेव्हा शांतता क्षेत्र ठरायचा, आणि त्या नियमात सापडून रंगभवनातलं संगीत थांबलं. आजारी माणसाला झोप हवी, हे मला मान्य आहे. तरी त्या बंद फाटकावरून जाताना वाईट वाटतंच. त्यानंतर रॉक बंद भिंतींच्या आत, क्लबांमध्ये जास्त राहू लागला.

७. कुठे उभं राहायचं

एवढं एक कळलं तरी तुमची रात्र बदलेल.

छोट्या हॉलमध्ये आवाज दोन ठिकाणांहून येतो. एक, स्टेजवरच्या ड्रम्समधून आणि गिटारच्या अ‍ॅम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून) थेट. दोन, स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून. गाणाऱ्याचा आवाज मात्र मुख्यतः या स्पीकरमधूनच येतो. त्यामुळे अगदी स्टेजला चिकटून मधोमध उभं राहिलं तर ड्रम्स आणि गिटार अंगावर येतात आणि गाण्याचे शब्द डोक्यावरून निघून जातात. पहिल्यांदा आलेली माणसं म्हणतात, ‘गाणारा ऐकूच येत नव्हता.’ दोष बहुतेक वेळा गाणाऱ्याचा नसतो, जागेचा असतो.

सगळ्यात तोलून-मापून आवाज मिळतो तो साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ. हॉलच्या मागच्या भागात, साधारण मधोमध, बटणांनी भरलेलं टेबल घेऊन जो बसलेला असतो तो. त्याच्या कानाला जे बरोबर वाटतं तेच तो सगळ्यांना ऐकवतो, म्हणून त्याच्या पुढ्यात दोन पावलांवर उभं राहा. हॉलचे कोपरे टाळा, तिथे बेस, म्हणजे खालचे जाड सूर, साचतो आणि सगळं घुमायला लागतं. स्पीकरच्या तोंडासमोर कधीच थांबू नका.

मी स्वतः काय करते ते सांगते. पहिला बँड टेबलाजवळून ऐकते. दुसऱ्याला डाव्या-उजव्या बाजूने थोडी पुढे जाते, जिथून बेसवाल्याची बोटं दिसतात. शेवटच्या बँडची शेवटची तीन-चार गाणी स्टेजसमोर. शब्द तोवर पाठ झालेले असतात, ऐकू आले नाहीत तरी चालतं.

दोन बँडच्या मधल्या पंधरा-वीस मिनिटांत स्टेजकडे बघत राहा. ड्रमसेट बहुधा सगळ्यांना एकच असतो, पण प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम), झांजा आणि पायाचा पेडल घरून आणतो आणि पाच मिनिटांत बसवतो. गिटारवाले पेडलबोर्ड, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची पाटी, उघडून वायरी जोडतात. कोणी तरी माइकमध्ये ‘चेक, चेक’ म्हणतं, कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. माइकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून पुन्हा त्याच माइकमध्ये शिरला की ती शिट्टी येते, त्याला फीडबॅक म्हणतात. हे सगळं बघायला मला फार आवडतं.

८. गर्दीतले रिवाज

गाणं जोरात आलं की स्टेजसमोर अचानक एक मोकळं वर्तुळ तयार होतं आणि त्यात मुलं एकमेकांवर आदळायला लागतात. हा मॉशपिट. पहिल्यांदा पाहिलं की मारामारी वाटते, पण तशी ती नसते. तिथला पहिला नियम असा की कोणी पडलं तर सगळ्यांनी थांबून त्याला आधी उठवायचं. कोणाचा चष्मा पडला तर तो उचलून हात वर करून धरायचा. कोपर आणि मुठी चालवायच्या नाहीत. ज्याला पिटात यायचं नाही त्याला आत ओढायचं नाही. तुम्हाला नको असेल तर वर्तुळाच्या कडेपासून तीन-चार माणसं मागे सरका किंवा बाजूच्या भिंतीकडे जा, कोणी हसत नाही.

गर्दीचा फायदा घेऊन कोणी अंगचटीला आलं तर गप्प बसू नका. जवळच्या माणसांना मोठ्याने सांगा, बाउन्सरला सांगा, स्टेजकडे हात करून बँडलाही सांगता येतं. गाणं अर्ध्यात थांबवून अशा माणसाला बाहेर काढायला लावणारे गायक मी पाहिले आहेत. एकटीने जायचं असेल तर पहिल्या एक-दोन वेळा मैत्रीण बरोबर असू दे. पुढे तुम्हीच त्या हॉलमधले दहा चेहरे ओळखायला लागाल.

फोनवर एखादं गाणं रेकॉर्ड करा, मग फोन खिशात ठेवा. फ्लॅश मारू नका. हळू गाणं चालू असताना मित्राच्या कानात ओरडून ऑफिसच्या गोष्टी सांगू नका, छोट्या हॉलमध्ये त्या स्टेजपर्यंत जातात. गाणं आवडलं तर दाद मोकळेपणाने द्या. बैठकीतली ‘वा’ इथे आरोळीच्या रूपात येते, एवढाच फरक.

९. शेवटचं गाणं झाल्यावर

बँड ‘थँक यू’ म्हणून उतरला तरी लगेच निघू नका. ‘वन्स मोअर’चा पुकारा होतो आणि गाडीची वेळ, क्लबची वेळ जमत असेल तर आणखी एक-दोन गाणी होतात.

मग दाराजवळच्या टेबलाकडे वळा. तिथे टी-शर्ट, स्टिकर, कधी सीडी विकायला असतात आणि बहुतेक वेळा बँडमधलाच कोणी तरी विकत उभा असतो. ऑनलाइन गाणी ऐकण्यातून बँडला फारच थोडे पैसे मिळतात, टी-शर्टचे पैसे सरळ त्यांच्या हाती पडतात. मोठं काही घ्यायचं नसेल तर स्टिकर घ्या. आणि त्यांच्याशी बोला. अमुक गाण्यातली ती जागा आवडली, एवढं सांगितलंत तरी पुरे. तास-दीड तास घाम गाळलेल्या माणसाला ते ऐकायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान दुखेल, ती दोन दिवसांत जाते. कानातली शिट्टी मात्र सकाळपर्यंत थांबायला हवी. दोन दिवस झाले तरी राहिली, किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ताबडतोब जा. अशा वेळी दिवस महत्त्वाचे असतात.

एक गोष्ट राहिली. गिग संपली की स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरला (वादकांकडे तोंड केलेला, त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा) टेपने चिकटवलेला एक कागद दिसेल, मार्करने लिहिलेला. ती सेटलिस्ट, म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यांची क्रमवार यादी. वायरी गुंडाळणाऱ्याला नीट विचारलं तर तो बहुधा काढून देतो. बऱ्याच वेळा गाण्यांची नावं अर्धीच असतात, कडेला कोणत्या गाण्याआधी गिटार बदलायची त्याची खूण असते, कोपरा पाण्याने भिजलेला असतो. माझ्या कपाटाच्या दाराला आतून अशा चौदा याद्या लावलेल्या आहेत. पहिलीवर ब्लू फ्रॉगची तारीख आहे, आणि सगळ्यात खालच्या ओळीत, खोडून पुन्हा लिहिलेलं, वन्स मोअरचं गाणं.